मानाचा बैल आणि माझा एक्झॉस्ट

शिंगांना लावायच्या हिंगुळाचा वास आला की मला माझी लाल स्पोर्ट्स कार आठवते. सेकंडहँड घेतलेली ती गाडी मला उगाच मुकी वाटायची, म्हणून उस्मानपुऱ्यातल्या गॅरेजात तिचा जड सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा हलका एक्झॉस्ट बसवला आणि पोळ्याला थेट आमचं गाव, देवगाव रंगारी गाठलं. वेशीत तोरणाखाली आमचा म्हातारा बैल सगळ्यांत पुढं उभा होता. पहिलं जायचा मान त्याचा, कासरा वडिलांच्या हातात. मी गाडी जवळच उभी केली, तसा शेजारी बसलेला दोस्त म्हणाला, "काढ ना आवाज, गावाला कळू दे!" मी शहाण्यानं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. तोफेसारखे बार निघाले, बैल झुलीसकट उसळला आणि कासरा हिसकून मक्यात पळाला. त्या वर्षी तोरणाखालून दुसऱ्याचाच बैल पहिला गेला. वडिलांनी सोललेला तळवा धोतराला पुसला. "आवाज लई भारी हाय," ते म्हणाले, "पण त्याचा हा शेवटचा पोळा व्हता रं." झालंही तसंच. आता घरी बैल नाही, वडीलही नाहीत. तरी पोळ्याला मी गाडी फाट्यावरच लावतो आणि वेशीतून पायी जातो.