पिल्लांना आलेली लव

आमच्या प्रयोगशाळेत उंदराची पिल्लं जन्मतात ती गुलाबी, उघडीवाघडी. या खेपेच्या पिल्लांमधलं केस उगवण्यासाठी लागणारं एक जनुक मी बंद केलं होतं. ती टकलीच राहणार, अशी माझी खात्री होती. एका सकाळी माझी सहकारी रेवती पिंजऱ्यावर वाकून ओरडली, "अगं, यांना लव आलीय!"

माझा चेहरा पडला. कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाई, मात्र हसल्या. "उत्क्रांतीत फार पूर्वी कधीतरी त्या जनुकाची आणखी एक प्रत तयार झाली असणार. एक बंद पडली, तर दुसरीनं काम सांभाळलं. आता त्या दुसरीला शोधून काढ."

मला लहानपणीचे, आई आजारी असतानाचे दिवस आठवले. शेजारच्या काकू सकाळी न बोलावता यायच्या, माझ्या दोन वेण्या घालायच्या आणि आपल्या कामाला निघून जायच्या. शाळेत कुणाला काही कळलंसुद्धा नाही. घरं अशीच चालतात, बहुधा शरीरंही.

मी एक पिल्लू तळहातावर घेतलं. त्या मऊ लवेनं गुदगुल्या झाल्या आणि मला हसूच फुटलं.

"रेवती, फसलेला प्रयोग इतका गोंडस असतो होय?"