सरपंचाच्या गळ्यातला निरोप

मी सगळ्यांचे आवाज काढतो – एसटीच्या कंडक्टरचा, गणिताच्या सरांचा, रेडकू हरवलेल्या म्हशीचा. पण ही एक गोष्ट सोताच्या आवाजात अजून कुणापुढं काढली न्हाई. तुझ्यापुढं काढतोय.

वडवणीजवळ आमचं गाव. उन्हाळ्यात टँकरवर जगणारं. माझा दोस्त विष्णू, कंप्युटर शिकलेला, गावासाठी ॲप बनवत होता. सरपंचानं फोनवर बोलायचं – टँकर कुठं, कधी – अन् ते घरोघरच्या फोनवर वाजायचं. काम अर्धंच झालतं, पण निम्म्या गावानं ॲप टाकूनबी घेतलतं, अन् सरपंचाचे चार निरोप चाचणीपुरते भरून ठेवलते. मी त्याच्या हाताखाली. त्याची एकच ताकीद – "काम चालू हाय तवर डिबगमध्येच, म्हंजी चाचणीतच, चालव बे. त्यातलं आपल्या दोघांच्याच फोनवर वाजतं. रिलीजमध्ये चालवलं की गावभर."

इतकं सोपं. मग मी रिलीज कावून लावलं? डिबगमध्ये ॲप अडकत चालायचं, आवाज तुटक यायचा. अन् नकलेत आवाज तुटला तर मजा काय?

विष्णू जेवायला गेलता. मी सरपंचाचा घसा लावला – खालच्या आळीला आज पाणी न्हाई, वरच्या आळीचेच टँकर रिकामा करणार, दम असंल त्यानं हिसकून घ्यावं. अन् पाठवलं. रिलीज चालू हाय हे ध्यानात होतं का?

होतं. तेच तर.

दहा मिनिटांत टँकरपाशी हंडे डोक्यात बसाय लागले. एका बाईला केसाला धरून चाकाखालून ओढली. पाइपाचं पितळी तोंड एका म्हाताऱ्याच्या कपाळात घुसलं. पाणी वाहत होतं, लाल, अन् कुणीच भरत नव्हतं. मी बघत होतो – लई जवळून.

मग मी आमच्या कामाच्या खोलीवर परतलो, तर मागोमाग सरपंच दहाजण घेऊन आला. विष्णूबी तवाच पोचला. सरपंचानं आधी माझ्याकडंच बघितलं. नकल्या कोण, हे गावाला ठाऊक होतं ना. मी म्हणलं, "मामा, मला नुसतं बोलता येतं, पाठवायला कुठं येतं? विष्णू तुमचे जुने निरोप कापून जोडतो, कंप्युटरवर." घाबरल्यावानी, तोतरं तोतरं म्हणलं – ती बी नक्कलच.

त्यांनी त्याला कोयत्याच्या मुठीनं हाणलं. कानावर, परत परत त्याच कानावर. हाताची बोटं दारात धरून दार लावलं. मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज मला काढता येतो, सांगू का तुला? येतो.

विष्णूनं माझं नाव घेतलं न्हाई. घेतलं असतं, तर मी परत खोटं बोललो असतो.

त्या कानानं त्याला आता ऐकू येत न्हाई. तो पुण्याला गेला, आई इथंच हाय. बाजारात पोरं तिला "आवाज जोडणाऱ्याची माय" म्हणून चिडवतात, अन् माझ्याकडं बघून हसतात.

मी बी हसतो.