नानांची फौज

“हुंकारा द्या भाऊ, नाहीतर फौज नाल्यातच उभी राहील!”

असं म्हणून नाना खरोखरच उतारावर थांबत. आपण “हं” म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे, की शत्रूची तोफ उडत नसे. सगळी हयात पिठाच्या गिरणीत गेलेली. त्यांची कुजबुजसुद्धा पलीकडच्या शेतातले बैल दचकवी.

धुळ्याजवळच्या आमच्या गावाबाहेर जुन्या लढाईचा माळ आहे. बघायला येणाऱ्यांना नाना तिथून फिरवीत. बायको गेल्यापासून घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. पाहुणा भुसावळचा असला की कुमक भुसावळकडून येई. फैजपूरच्या मंडळींसाठी तर एकदा घोडदळ केळीच्या बागेतून निघालं.

मी म्हटलं, “नाना, तेव्हा इथे केळी होती?”

“नव्हती, तर घोडदळ लपलं कुठे?”

पुढे गावाने ठरवलं, की माळावर दगडोदगडी बाण काढायचे, म्हणजे ज्याचं त्याने फिरावं. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हणून रंगकाम माझ्याकडे. एक बाण मी असा बिनचूक उलटा काढला, की पहिली सहल थेट माझ्याच कपाशीत उतरली. तेवढ्याने माझी हौस फिटली नाही. प्रत्येक दगडाशी मोबाइलवर नानांचा आवाज ऐकू यावा, ही अक्कलही माझीच. नाना हरखले. मी समोर बसून हुंकारा देत गेलो, ते सांगत गेले. नंतर नवशिक्याच्या उत्साहाने मी माझे सगळे “हं” कापून टाकले. म्हटलं, मधे माझी कटकट कशाला?

नानांनी मोबाइल कानाला लावला. चेहरा उतरत गेला, आणि ते घरच्या अहिराणीवर आले.

“यामा तू कोठे शे रे भाऊ? मी येकलाच बोली ऱ्हायनू.”

“नाना, लोक ऐकतीलच की!”

“ऐकतीन. पन माले कसं समजी?”

मी हसलो. वाटलं, होईल सवय.

तरी ते रोज पहिल्या दगडापाशी येऊन बसत. पाहुणे कानात नानांचाच आवाज घालून नानांसमोरून जात. नाना “राम राम” म्हणत. ऐकू कुणाला येणार? एक दिवस ते आले नाहीत. भुसावळला लेकीकडे गेल्याचं कळलं. मागच्या थंडीत तिथेच वारले.

परवा मी मोबाइल कानाला लावून सगळा माळ फिरलो. शेवटच्या दगडाशी लढाई संपते, आणि नाना विचारतात, “आते तुम्ही सांगा, तुम्हनं गाव कोनतं?”

मी गावचाच, म्हणून तेव्हा गप्प बसलो होतो. ते थांबून राहिले होते. तेवढी शांतता कापायची माझ्याकडून राहून गेली. नानांचा श्वास ऐकू येतो.

पाहुण्यांना वाटतं, संपलं. ते कानातली बोंडं काढतात आणि गाडीकडे वळतात.