तिच्या तोंडचा घास मी थांबवला

गेल्या रविवारी दुपारी एक परदेशी जोडपं राहात्याच्या आमच्या हॉटेलात जेवायला आलं. मी तिथे वाढायचं काम करते. शिर्डी जवळ असल्यामुळे परदेशी लोक नवीन नाहीत, पण या दोघांचं इंग्रजी माझ्यासारखंच... जेमतेम.

बाईने शेजारच्या टेबलावरच्या भरल्या वांग्याकडे बोट दाखवलं. मग चिमटीत काहीतरी धरून दाबल्यासारखं केलं. मी मीठ आणून ठेवलं. तिने ते बाजूला सारलं आणि स्वतःचा गळा धरला. मी पाणी आणलं.

ती मोबाईलवर काही दाखवायला गेली, तर रेंज नाही. पुन्हा चिमटी, पुन्हा गळा... मला वाटलं, तिखट कमी हवंय. मी "ओके, ओके" म्हणाले. खरं तर मला काहीच कळलं नव्हतं.

भरल्या वांग्याचं ताट त्यांच्यापुढे ठेवून आत आले आणि आमच्या स्वयंपाकीण सुमनमावशींना ती खूण गंमत म्हणून करून दाखवली. पोळी लाटता लाटता त्या थांबल्या.

"अगं, शेंग फोडून दाखवती ती. गळा धरती म्हंजी शेंगदाना सोसत नसंल तिला. आन् वांग्यात तर कूटच हाय सगळा."

मी पळत बाहेर आले. घास तिच्या तोंडाशी पोचला होता... मी तिचा हात धरला आणि ताट ओढून घेतलं. जेवत्या माणसापुढचं ताट असं कधी ओढलं नव्हतं. तिचा नवरा ताडकन उठला, सगळं हॉटेल बघायला लागलं.

मागून मावशी मूठभर शेंगदाणे घेऊन आल्या. आधी शेंगदाणे दाखवले, मग वांग्याकडे बोट केलं. बाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पर्समधून एक इंजेक्शन काढून आम्हाला दाखवलं; शेंगदाणा चुकून पोटात गेला तर टोचायचं असावं. नवरा पुन्हा खुर्चीत बसला.

मावशींनी भांडी पुन्हा घासून वेगळा वरण-भात केला. दोघं पोटभर जेवली.

निघताना ती मावशींचे हात धरून कितीतरी वेळ बोलत होती. मावशी आपल्या "व्हय, व्हय, नीट जा बाई" म्हणत होत्या. ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय म्हनली गं?"

मला तरी कुठे कळलं होतं...

आत जाऊन ती खूण करून दाखवायची बुद्धी मला का झाली, तेही कळत नाही. झाली, एवढंच बरं.