संशयाचा फायदा

लॉ कॉलेजनं आम्हाला कोर्ट बघायला पाठवलं होतं. तान्ह्या मुलीचा हात मोडल्याच्या खटल्यात तिचा बाप सुटला. हात पिरगळला की ती पाळण्यातून पडली, हे डॉक्टरांना खात्रीनं सांगता आलं नाही, म्हणून संशयाचा फायदा.

माझे वकिली कपडे बघून मुलीच्या आईनं व्हरांड्यात विचारलं, "ताई, म्हणजे यांनी केलं नाही ना?"

"सिद्ध झालं नाही."

"ते ऐकलं हो. उद्या कामाला जाताना पोर यांच्यापाशी ठेवू का?"

घरात पहिली शिकलेली मी. फायदा कुणाला, ते निकालात असतं. उरलेला संशय कुणी घरी न्यायचा, हे शिकल्याचं आठवेना.

कडेवरची पोर तोच हात कोर्टातून बाहेर आलेल्या बापाकडे पसरत होती. आईनं तिला दिलं नाही, मागंही ओढलं नाही.