डी वॉर्डाचं पाकीट

आकाराम चौगले गेली चौतीस वर्षं कचेरीच्या फाटकाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत होते. सातबाऱ्यावर नाव चुकलं, रेशनकार्डातून सून गळाली, पेन्शन अडली, शेजाऱ्यानं बांध कोरला, की माणूस त्यांच्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा. आधी टाइपरायटर होता, मग संगणक आला, पण चौगल्यांचा अर्ज बदलला नाही. विषय, संदर्भ, महोदय, आणि खाली तीन परिच्छेदांत गाऱ्हाणं. दोन प्रती काढायच्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. "कागद दिलाय म्हणून सांगू नगंस, शिक्का दाखीव," असं ते दरडावून सांगायचे, आणि माणूस निमूटपणे परत आत जायचा.

मुरगूड सोडून ते कोल्हापुरात आले ते शुक्रवार पेठेत, डी वॉर्डात, दोन खोल्यांत राहिले आणि तिथंच मुरले. घरी बायको शालन. एकुलती मुलगी स्वप्नाली मलकापूरला दिलेली. ती घरी ब्लाऊज शिवायची, पण साडीला पिको-फॉल करायची मशीन नसल्यानं गिऱ्हाईक दुसरीकडं जायचं. दिवाळीला आली तेव्हा तिनं नुसता विषय काढला, आणि चौगले म्हणाले, "मी देतो. तू बोलू नगंस कुणाला."

त्यांच्या शेजारच्या टेबलावर श्रेयस उपाध्ये बसायचा. स्टॅम्प विकायचा, वय तिशीच्या आतलं, मोबाईलवर सगळं करण्यात पटाईत. त्यानं सल्ला दिला. "आण्णा, मशीन सरळ घेऊ नका. मशीन मिळतीय त्या वेबसाईटचं आधी गिफ्ट कार्ड घ्या. ही अ‍ॅप हाय बगा, हिच्यातनं कार्ड घेतलं की शंभराला सहा रुपये परत. अठरा हजाराचं घेतलं तर हजारावर सुटत्यात."

हजार रुपये म्हणजे चौगल्यांचे वीस-पंचवीस अर्ज. त्यांनी होकार दिला. कार्ड दोन तऱ्हेनं मिळत होतं. ई-मेलवर लगेच नंबर, नाहीतर कुरिअरनं घरी छापील कार्ड. श्रेयस ई-मेलवर बोट ठेवणार एवढ्यात चौगल्यांनी त्याचा हात धरला. "हातात कायतरी पायजे. छापील मागव."

पाच दिवसांनी मोबाईलवर निरोप आला, की पाकीट पोहोचलं. शालन दिवसभर घरात होती. कुणी आलं नव्हतं.

चौगल्यांनी अ‍ॅपवरचं तक्रारीचं पान उघडलं. समोर मीरा नावाची कुणीतरी आली आणि काय मदत करू म्हणाली. त्यांनी रीतसर सुरुवात केली. विषय, संदर्भ, महोदया. दुसऱ्या परिच्छेदात "सदर पाकीट मला आजअखेर" इथं चौकटीतली जागा संपली आणि अक्षरं उमटायची थांबली. तेवढंच धाडलं. लगेच उत्तर आलं, की आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपलं पाकीट पोहोचलेलं आहे, आपण समाधानी आहात का? त्यांनी 'नाही' दाबलं. मीरानं आभार मानले आणि पान बंद झालं.

"आवक नंबर कुठाय?" त्यांनी श्रेयसला विचारलं.

"तसला काय नसतोय आण्णा. ती बाई पण नसतीय. मशीनच उत्तर देतंय."

"मशीन दिलगीर हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्डाच्या कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. पाकीट पोहोचल्याचं दिसतंय, फोटोही आहे, असं तिनं चार वेळा सांगितलं आणि तो फोटो धाडून दिला. निळं दार होतं, पिवळसर उंबरा, आणि एका बाईच्या हातात पांढरं पाकीट. चेहरा कापलेला. चौगल्यांचं दार तपकिरी होतं. बांधल्यापासून तपकिरीच होतं.

फोटो घेऊन ते उद्यमनगरात कुरिअरच्या कचेरीत गेले. तिथल्या पोरसवदा कारकुनानं मान वर केली नाही. "पावणं, फोटो हाय न्हवं? म्हंजे पोचलंय."

"माझं दार निळं न्हाय."

"मग रंग दिला आसंल कुणीतरी."

चौगल्यांच्या तोंडात शिवी आली होती. ती त्यांनी गिळली, कारण आयुष्यभर कारकुनांशी बोलून त्यांना एक गोष्ट कळली होती, की चिडलं की कागद खणात जातो आणि परत बाहेर येत नाही. ते तसेच उभे राहिले आणि टेबलावरचा वाटपाचा तक्ता उलटा वाचू लागले. ही सवय जुनी होती. खालून तिसऱ्या ओळीत त्यांचं नाव होतं, घर नंबर बरोबर होता, आणि वॉर्डाच्या जागी 'बी' होतं. फोनवर कुणीतरी डी सांगितलं होतं आणि कुणीतरी बी ऐकलं होतं.

बी वॉर्ड म्हणजे मंगळवार पेठ. उन्हातनं विचारत विचारत ते त्या नंबराच्या घरापाशी पोहोचले. दार निळंच होतं. ते बघून त्यांना एवढं बरं वाटलं, की कडी वाजवायच्या आधी त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

दार उघडलं ते सत्तरीच्या बाळाबाईंनी. पाकिटाचं नाव काढताच त्या हसल्या. "व्हय, आलतं की. मला वाटलं लगनाची पत्रिका. बसा, चा टाकते."

"चा ऱ्हाऊ दे. पाकीट कुठाय?"

त्यांनी देव्हाऱ्यामागनं कार्ड काढून आणलं. पाकीट नव्हतं. कार्डाच्या मागची चंदेरी पट्टी खरवडून निघाली होती.

"साडीच्या दुकानात मिळतंय बगा कूपन, तसलं वाटलं," बाळाबाई म्हणाल्या. "किल्लीनं घासलं. बक्षीस काय निघालं न्हाय. नुसतं आकडंच."

सहा आकड्यांचा गुप्त नंबर होता. पहिले चार दिसत होते. शेवटच्या दोनांच्या जागी किल्लीनं कागदाचा पांढरा भुसा केला होता. बाईंचा चेहरा पडला. "काय मोडलं का हो माझ्याकडनं?" चौगल्यांनी कार्ड खिशात घातलं. "न्हाय," एवढंच म्हणाले आणि चहा घेतला.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. पट्टी खरवडलेली असेल तर कार्ड वापरलेलं समजलं जाईल. विकलेलं कार्ड परत घेतलं जात नाही. चौगल्यांनी वेबसाईटच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेला कंपनीचा पत्ता शोधून काढला आणि साडेतीन पानांचा अर्ज रजिस्टर पोस्टानं धाडला. इतका चांगला अर्ज त्यांनी कुणासाठीच लिहिला नव्हता, असं श्रेयस म्हणाला. अकराव्या दिवशी पाकीट परत आलं. वर पोस्टमननं लाल शाईत लिहिलं होतं, की या पत्त्यावर कुणी राहत नाही.

त्याच दिवशी विठाबाई आली. गगनबावड्याकडची, नवऱ्याच्या पेन्शनसाठी तिसऱ्यांदा अर्ज द्यायला आलेली. मागच्या दोन्ही प्रतींवर शिक्के होते. तिनं ते उत्साहानं दाखवले.

"शिक्का घिऊन काय चाटायचाय?" चौगले तिच्यावर ओरडले. "कोण वाचतंय ह्ये? वाचणारा असतोय का तिकडं कोण?"

आजूबाजूच्या टेबलांवरचं टंकन थांबलं. विठाबाई दोन्ही कागद हातात धरून तशीच उभी राहिली. तिला काय चुकलं ते कळत नव्हतं. चौगल्यांनी मान खाली घातली, तिचे कागद घेतले, अर्ज टाइप केला आणि तिच्याबरोबर स्वतः आत गेले. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन जेवलेही नाहीत.

"सोडून द्या आता," शालन म्हणाली. "अठरा हजार गेलं म्हणायचं. अंगाला लावून घिऊ नगासा."

पण त्यांना ते सुटेना. दोन आकडे म्हणजे शून्य शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर जोड्या. वेबसाईट दिवसाला तीनदा चूक चालवून घ्यायची, मग चोवीस तास कुलूप. त्यांनी वहीच्या पानावर शंभर चौकोन आखले. रोज सकाळी फाटकासमोर टेबल मांडलं की तीन जोड्या घालायच्या आणि तीन फुल्या मारायच्या. पहिल्या आठवड्यात श्रेयस शेजारी उभा राहून बघायचा, नंतर तोही कंटाळला. एकदा रेंज गेली आणि एक खेप फुकट गेली. एकदा गिऱ्हाईकाशी बोलता बोलता तीच जोडी पुन्हा घातली, आणि त्या दिवशी ते स्वतःवरच इतके संतापले, की पेन टेबलावर आपटून त्याचं टोक मोडलं.

बाविसाव्या सकाळी एकसष्टवर हिरवी खूण आली. अठरा हजार. त्यांनी श्रेयसला हाक मारली नाही. कुलूप परत लागेल या भीतीनं तिथल्या तिथं मशीन मागवली आणि पत्ता पाच वेळा वाचला.

मशीन मलकापूरला पोहोचली म्हणजे एस.टी. स्टँडपर्यंत पोहोचली. वाहनवाल्यानं खोकं एका हॉटेलाच्या कट्ट्यावर ठेवलं आणि फोन करून निघून गेला. जावयानं ते दुचाकीवर बांधून घरी नेलं. बसवून द्यायला कुणी येणार नव्हतं. गावातल्या कारागिरानं ती बसवायचे सहाशे रुपये घेतले, बाहेरून आणलेली मशीन म्हणून. हे कळलं तसे चौगले रविवारची गाडी धरून तिकडं गेले. वाटेत बांबवड्याला गाडी थांबली असताना मोबाईलवर निरोप आला. परत मिळायची रक्कम नामंजूर झाली होती. छापील कार्डाला ही सवलत लागू नाही, असं लिहिलं होतं.

स्वप्नालीनं जेवण वाढलं आणि मग मशीन दाखवली. जुन्या साडीचा काठ घालून पिको करून दाखवला. टाका बारीक आणि सारखा पडत होता. तिला आनंद झाला होता, आणि त्या भरात ती बोलून गेली, "आबा, हीच मशीन हितं स्टँडासमोरच्या दुकानात हाय की. सतरा हजार आठशेला. बसवून पण देत्यात. मला इचारलं आसतंसा तर."

तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि मशीन थांबवली.

"एवढं दिवस का लागलं? आई फोनवर कायच सांगत न्हवती."

"पत्ता चुकलता," ते म्हणाले.

खोक्यातून निघालेला एक कागद तिनं त्यांच्यापुढं केला. हमीचा होता. पंधरा दिवसांच्या आत वेबसाईटवर जाऊन नाव, पत्ता, मशीनचा नंबर भरायचा, नाहीतर हमी मिळणार नाही. "तुमीच भरा आबा. तुमच्यासारखं बिनचूक कुणाला जमतंय?"

त्यांनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला.

"नवऱ्याकडनं भरून घे," ते म्हणाले. "मला न्हाय जमायचं."

आणि सव्वाचारची गाडी चुकायला नको म्हणून चपला घालून बाहेर पडले.