भावोजी आणि बियाण्याचं गाणं

आमच्या धाकट्या भावोजींना देवाने दोन पाय दिले, पण ते थांबवायचे कसे हे सांगायचं राहून गेलं. पनवेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधलं तरी भावोजींना बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस मिळायचा नाही. ते जेवतात उभ्याने, चहा पितात फेऱ्या मारत, आणि घरातल्या सगळ्या लग्नांच्या फोटोंत त्यांच्या जागी नुसता पांढरा शर्ट फराट्यासारखा दिसतो. एसटीची वाट बघत ते थांब्यावर कधी थांबत नाहीत, पुढच्या थांब्याकडे चालू लागतात. गाडी नेमकी दोन थांब्यांच्या मधे त्यांना मागे टाकून जाते. आपटा गावात त्यांच्या मेव्हण्याचं घर आहे. तिथे ते पोचतात तेव्हा अर्धा रस्ता चालून झालेला असतो, आणि वर मेव्हण्यालाच म्हणतात, "तुमच्याकडं गाड्यांची लय गैरसोय हाय."

दुसरं म्हणजे, नीट चाललेली वस्तू त्यांना बघवत नाही. माझा मिक्सर बरा चालत होता, तो त्यांनी उघडला. परत जोडल्यावर एक स्क्रू उरला. "कंपनीवाले जास्तीचा टाकतात, वैनी," म्हणाले आणि स्क्रू खिशात घालून गेले. तेव्हापासून तो मिक्सर चटणी वाटताना ओट्यावरून चालायला लागतो. जाऊबाई म्हणतात, "त्यांचा हात लागलाय ना, आता तो पण बसायचा नाय."

त्या भावोजींनी जुना कम्प्युटर घेतला होता तो सासूबाईंसाठी. सासूबाई धवलारीण होत्या. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला धवले गायला त्यांनाच बोलावणं असायचं. कागदावर एक ओळ नाही, सगळं तोंडी. विमानतळासाठी गाव उठलं आणि आम्ही करंजाड्याला राहायला आलो तेव्हा त्या थकल्या होत्या. भावोजींनी त्यांना खुर्चीवर बसवून फोनमध्ये धवले भरून घेतले आणि मग ते कम्प्युटरमध्ये घातले. सासूबाई गेल्यावर पुष्कळ महिने ते त्याच्यापुढे उभे राहून गाणी साफ करत होते. मधे मधे त्यांचा स्वतःचा आवाज आला होता, खुर्ची सरकल्याचा आवाज होता, तेवढं सगळं कापून टाकलं. नुसतं स्वच्छ गाणं राहिलं. घरात कोणी आलं की ते ऐकवायचे आणि ऐकणाऱ्याभोवती फिरत राहायचे.

काम संपलं आणि त्यांचे हात पुन्हा मोकळे झाले. एक दिवस म्हणाले, "वैनी, कम्प्युटरमध्ये दुसरी सिस्टिम बसवतो. हाय ती ऱ्हाईल, दुसरी तिच्या शेजारी. चालू केला की तोच इचारेल, आज कोणची?"

"एका चुलीवर दोघी?" मी म्हटलं.

"तुमी दोघी जावा नाय का ऱ्हाल्या?"

"म्हणूनच विचारते."

जाऊबाई आतून हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण सासूबाई त्याच्यातच होत्या. भावोजींनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. म्हणाले, "बॅकअप घेतो ना. बाबांचं बियाणं ठावं हाय ना?" मामंजी भाताचं बियाणं कधी एका घरात ठेवत नसत. आग लागली, पाणी शिरलं तरी पेरणी राहू नये म्हणून थोडं घरी, थोडं शेजारी, थोडं दुसऱ्या गावात पाहुण्याकडे. तसे भावोजींनी तीन पेनड्राइव्ह केले. एक स्वतःच्या खिशात, एक आपट्याला मेव्हण्याकडे, एक माझ्या तांदळाच्या डब्यात. मग रोज येऊन डबा हलवून बघायचे. "हाय ना?" मी तांदूळ काढायला डबा उघडला तरी जिन्यावर त्यांची पावलं वाजायची.

सिस्टिम बसवायची त्या सकाळी मी त्यांच्याकडेच होते. कम्प्युटरने काहीतरी लांबलचक विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "वाचा तरी पुरतं." भावोजी स्वयंपाकघरापर्यंत गेले, परत आले, आणि येता येता बटण दाबलं. सगळं पुसून नवीन बसवू का, असं ते विचारत होतं हे नंतर कळलं. जुनी सिस्टिम गेली, तिच्याबरोबर सगळं गेलं. भावोजी घाबरले नाहीत. "बियाणं हाय," म्हणाले आणि खिशातला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर गाण्यांचं नाव आलं, खाली एक छोटा बाण. उघडायला गेलं तर काही उघडेना. त्यांनी गाणी घेतलीच नव्हती, गाण्यांकडे नेणारी खूण तेवढी घेतली होती. जसं गाव उठावं आणि रस्त्यावरची पाटी तेवढी राहावी. माझ्या डब्यातला लावला, त्यातही बाण. तिन्ही एकाच पहिल्यावरून केलेले. तरी ते आपट्याला गेले, संध्याकाळी परत आले, आणि गॅलरीत फेऱ्या मारू लागले. या टोकाला वळायचे, त्या टोकाला वळायचे. जाऊबाईंनी चहा दिला तो कठड्यावर गार झाला.

माझ्याकडे एक गोष्ट होती आणि ती सांगायची मला लाज वाटत होती. नवा फोन घेतल्यावर भावोजींनी त्यांचा जुना मला दिला होता, त्याच फोनमध्ये त्यांनी सासूबाईंना भरलं होतं आणि देताना ते पुसायचं विसरले होते. दुपारी घरात कोणी नसताना सुका जवळा निवडत मी ते हळू आवाजात लावून बसते. हे कोणाला ठाऊक नव्हतं. एवढी मोठी बाई सासूचं गाणं ऐकत बसते म्हणून हसतील, असं वाटायचं. मी गॅलरीत गेले आणि म्हटलं, "भावोजी, यात बघा काही आहे का," आणि बोलता बोलता लावूनच दिलं.

सासूबाईंनी धवला उचलला. लगेच खुर्ची कुरकुरली. मग भावोजींचा आवाज, "आये, जरा मोठ्यानं." पावलं. "आये, पयल्यापासून म्हण." पुन्हा पावलं. आणि मग गाणं थांबवून सासूबाई, जशा रोज बोलायच्या तशा, "बस रं बाबा. तू पयला बस, मंग मी म्हणते."

हे सगळं त्यांनी कम्प्युटरमधून कापून टाकलं होतं. स्वतःचा आवाज काढताना आईचं बोलणंही त्याच्याबरोबर गेलं होतं.

भावोजींनी इकडे तिकडे पाहिलं, आणि गॅलरीच्या उंबऱ्यावर, जमिनीवरच, बसले. जाऊबाई दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग भावोजी म्हणाले, "वैनी, यातलं आता काय कापायचं नाय."

आता खऱ्या गाण्यांचे पेनड्राइव्ह तीन घरांत आहेत. तरी भावोजी दुपारी आमच्याकडे येतात आणि मी जुना फोन लावते. सासूबाई बस म्हणाल्या की बसतात. गाणं सुरू झालं की पुन्हा उठतात. चहाला उकळी यायची असते, तोवर ते बसावेत म्हणून मी मागे घेऊन तेवढंच वाक्य परत लावते.